पत्र वडिलांच्या नावे

भोपाळहून सिहोरच्या रस्त्याला लागून लालघाटी ओलांडली की बैरागढ येतं. स्टेशनच्या पाटीवर संत हिरदाराम नगर असं नाव आहे. रिक्षावाल्याला मात्र बैरागढच सांगावं. लग्नसराईत अख्खं भोपाळ इथे कापड घ्यायला लोटतं. दुकानदार बहुतेक सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं इथे उतरली, कारण इथे डोक्यावर छप्पर तयार होतं. लष्करी बराकींच्या रांगाच्या रांगा होत्या आणि त्या नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या. त्या बराकींत आधी इटालियन युद्धकैदी होते, हे साडीचा भाव करताना कुणाला आठवत नाही. आठवायचं कारणही नाही म्हणा.

1940 च्या डिसेंबरात ब्रिटिश आणि हिंदी फौजांनी इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात इटलीच्या सैन्यावर चढाई केली आणि दोन-अडीच महिन्यांत एक लाख तीस हजार कैदी धरले. एवढी तोंडं इजिप्तमध्ये पोसणं अवघड. मग हे कैदी आणि पूर्व आफ्रिकेत सापडलेले मिळून साठ हजारांवर माणसं बोटीत भरून हिंदुस्थानात आणली गेली. कुणी कांगड्याजवळच्या योलला गेले, कुणी देहरादूनला, कुणी रामगढला, कुणी बंगळूरला आणि कुणी नवाब हमीदुल्ला खानांच्या भोपाळ संस्थानात, या बैरागढला.

छावणीत पोचलेल्या कैद्याला पहिल्या आठवड्याच्या आत घरी एक कार्ड पाठवू द्यायचं, असं 1929 च्या जिनिव्हा करारात लिहिलेलं आहे. मी पकडला गेलो आहे, प्रकृती अशी आहे, एवढंच कळवायचं कार्ड. त्याला टपालखर्च नाही. पुढची पत्रंही सर्वसाधारणपणे कैद्याने आपल्या मातृभाषेत लिहावीत आणि ती तपासणाऱ्याने तपासणी लवकर उरकावी, असंही त्यात आहे. करारमदारात माणुसकी शोधायला सहसा जाऊ नये. या कलमांत ती सापडते.

पण सवलत मिळाली म्हणजे पत्र लिहिता येतं असं नाही. मोजक्या ओळींचा छापील कागद. युद्धाबद्दल लिहायचं नाही, छावणीबद्दल फारसं लिहायचं नाही. वर तपासणाऱ्याचे डोळे. भोपाळच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसलेला नेपल्सकडचा एखादा गवंडी बायकोला काय लिहिणार? मी बरा आहे. तू बरी आहेस ना? मुलं केवढी झाली? पत्र पोचायला महिने लागायचे, म्हणजे उत्तर येईपर्यंत मुलं आणखी वाढलेली. त्यात 8 सप्टेंबर 1943 ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला आणि देशाचे दोन तुकडे पडले. दक्षिणेत दोस्त फौजा, उत्तरेत जर्मन. ज्याचं घर उत्तरेला, त्याच्या टपालाचा भरवसाच संपला. 1941 साली आलेल्यांतले कित्येक जण 1946-47 पर्यंत घरी पोचले नाहीत. पाच-सहा वर्षांचा संसार कार्डावर!

हे सगळं मला फार उशिरा कळलं, वाचून. आमच्या आजीला मात्र ते आधी कळलं होतं, बैरागढच्या एका कापडदुकानात. वडील हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीला लागले आणि आजी सातारा जिल्ह्यातलं कोरेगावजवळचं घर सोडून बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे राहायला आली. दुकानदार म्हातारा होता, बोलका होता. गिऱ्हाईक मराठी आहे, हिचा नवरा लढाईला गेला होता, इटलीत होता, असं कळल्यावर त्याने सांगितलं, की आम्ही सिंधहून आलो तेव्हा ज्या बराकीत राहिलो, तिच्यात आधी इटलीचेच लोक होते. आजीने मापून घेतलेलं नऊवार तसंच हातात धरलं आणि म्हणाली, "म्हंजे त्यांची मानसं हितं आन् आमची मानसं तिथं? मग आपापल्या घरीच ऱ्हायली असती तर काय बिघडलं असतं?"

दुकानदाराला मराठी फारसं कळत नव्हतं. तरी तो हसला.

आजीच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं होती. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई. पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, तपासून सोडल्याचा शिक्का, आणि गावाचं नाव कुठेच नाही. बहुतेक पत्रं दुसऱ्याच्या हातची. लष्कराने आजोबांना रोमन लिपीतली उर्दू शिकवली होती, त्या काळी पलटणीत शिपायांचं शिक्षण त्याच लिपीत चाले. पण मराठी पत्र लिहायचं तर कंपनीतल्या एका रत्नागिरीच्या माणसाला गाठावं लागे. त्याचं अक्षर वळणदार आणि थाट पंतोजीचा. प्रत्येक पत्र एकाच सुरावर निघतं. तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. पुढे आईला नमस्कार, चुलत्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बैलांची चौकशी, पावसाची चौकशी. शेवटी इकडील सर्व ठीक.

आजीचं नाव एकाही पत्रात नाही.

लहानपणी मला याचा राग यायचा. बायकोला एक ओळ लिहिता येत नाही? नंतर त्या घराचा हिशेब कळला. पत्र यायचं आजोबांच्या वडिलांच्या नावे. पोस्टमन ते त्यांच्याच हातात द्यायचा. वाचायला शाळेचे मास्तर यायचे, चहा व्हायचा, ओसरीवर चार शेजारी बसायचे, आणि आजी माजघराच्या दाराआड उभी. म्हणजे बायकोला लिहायचं ते लेखनिकाने ऐकायचं, साहेबाने तपासायचं, मास्तरांनी मोठ्याने वाचायचं, सासऱ्याने मान डोलवायची आणि मग तिने दाराआडून घ्यायचं. एवढ्या कानांतून जाणारं वाक्य कसं करायचं, याची एक विद्या त्या काळच्या शिपायांना येत असली पाहिजे. आजोबांना येत होती.

1944 च्या उन्हाळ्यातल्या एका पत्रात बैलांच्या चौकशीनंतर एक ओळ आहे: मागल्या पडवीची कौलं पावसाआधी चाळून घ्यावीत, हयगय करू नये. मागल्या पडवीत कोण झोपायचं? आजी आणि तान्हा काका. घरात इतरत्रही कौलं होतीच, ती कुणी चाळली काय, न चाळली काय, आजोबांनी विचारलं नाही. दुसऱ्या एका पत्रात, म्हशीचं दूध सगळं डेअरीला घालू नये, घरात लहान मूल आहे. तिसऱ्यात, बाळाच्या आईस माहेरी पंचमीस धाडावे. 'बाळाची आई' हीच काय ती आजीच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा, आणि तीही आज्ञेच्या वाक्यात, वडिलांचा मान सांभाळून. पणजोबांनी कौलं चाळून घेतली. मुलाने बायकोची काळजी केली असं कुणाला म्हणता आलं नसतं. मुलाने घराची काळजी केली होती.

आणखी एका पत्रात, इथले बैल पांढरेशुभ्र आहेत, आपल्या खिल्लारापेक्षा उंच, पण शिंगं आखूड, असं लिहिलं आहे. हे वाक्य तपासणाऱ्याच्या कात्रीतून सुटलं कसं कोण जाणे. वरच्या टायबरच्या खोऱ्यात आणि त्याच्या पलीकडे कियानाच्या खोऱ्यात त्या जातीचे प्रचंड पांढरे बैल तेव्हा नांगराला जुंपलेले असत. इटलीच्या शेतीची माहिती असलेल्या कुणीही त्या ओळीवरून पलटण नकाशावर शोधली असती. कोरेगावात मात्र त्या ओळीवर ओसरीत वाद झाला. खिल्लारापेक्षा उंच बैल असूच शकत नाही, पोरगं थापा मारतंय, असं चुलत्यांचं मत पडलं. आजी मला ही हकीकत सांगताना अजून हसायची. चुलत्यांची नक्कल छान करायची.

तिला वाचता येत नव्हतं, पण सगळी पत्रं पाठ होती. कागद हातात धरून ती म्हणायची तेव्हा मास्तर जिथे खोकले होते तिथेही थांबायची.

टायबरच्या त्याच खोऱ्यात 10 जुलै 1944 ला पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे मारला गेला. माणगाव तालुक्यातला, वय 22. तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर तो एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, ठाणं घेतलं आणि मग गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचं नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे आणि 2023 साली मोन्तोने या उंब्रियातल्या गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. चांगलंच केलं. पण शौर्याच्या अहवालात लढाईची मिनिटं असतात, त्याने घरी काय कळवलं होतं ते नसतं. तसा कागद पलटणीच्या दप्तरात लागत नाही. तो सापडला तर घरच्या ट्रंकेतच सापडणार.

गंमत अशी, की हीच तिसरी बटालियन 1941 च्या मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर इटालियनांशी लढली होती. आणि पाचव्या मराठाची दुसरी बटालियन टोब्रुकमध्ये होती. 21 जून 1942 ला टोब्रुक पडलं तेव्हा ती शत्रूच्या हाती सापडली. टोब्रुकला धरलेले हिंदी शिपाई बोटीत बसून इटलीला गेले. रोमच्या पूर्वेला आवेत्सानोची छावणी हिंदी कैद्यांसाठीच होती. म्हणजे एका वेळी बैरागढच्या बराकीत कुणी इटालियन आपल्या बायकोला कार्ड लिहीत होता आणि इटलीतल्या बराकीत कुणी हिंदी शिपाई वडिलांच्या नावे. दोघांची कार्डं तटस्थ देशांतून, रेडक्रॉसच्या वाटेने. इटलीतल्या आपल्या शिपायांना लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडाकडून डाळ आणि मसाल्याची पार्सलं जात. बैरागढच्या इटालियनाला डाळीचा तुटवडा नसणार. तो त्याच्या शेवयांच्या आठवणीने कासावीस.

सिहोरच्या याच रस्त्याला त्याआधीचंही एक टपाल आहे. 1859 साली सिहोरच्या छावणीत भोपाळ लेव्ही नावाची फौज उभी राहिली. तिचीच पुढे नववी भोपाळ इन्फंट्री झाली. 1914 च्या ऑक्टोबरात ही पलटण फ्रान्समध्ये न्यव्ह-शापेलच्या चिखलात होती. तिच्यात मराठे नव्हते. शीख होते, रजपूत होते, ब्राह्मण, मुसलमान होते. पुढे ती मेसोपोटेमियात गेली आणि 1916 च्या जानेवारीत वादीच्या लढाईत तिच्यातल्या चट्टासिंग नावाच्या शिपायाने जखमी कर्नलला अंगाची ढाल करून अंधार पडेपर्यंत वाचवलं. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि 29 एप्रिल 1916 ला उपाशीपोटी शरण गेल्या. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जातं ते याच पहिल्या महायुद्धामुळे.

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं मात्र वाचायला मिळतात आणि त्याचं कारण विचित्र आहे. सरकारने कॅप्टन हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली हिंदी टपालाची तपासणी बसवली. 1915 मध्ये आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं फ्रान्सहून निघत होती. कचेरीतले लोक त्यांतली निवडक उतरून इंग्रजीत करून अहवालाला जोडत. मूळ पत्रं गावोगाव गेली आणि वाळवीने, पुराने, वाटणीने संपली. उरला तो तपासणाऱ्याचा इंग्रजी उतारा. तो लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्याने पत्रं अडवली त्याच्याच दप्तरात ती टिकली. सेन्सॉरला शिव्या देताना एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

शिपाईही कमी नव्हते. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची काढताहेत, असं कुणी घरी लिहिलं की स्वयंपाकाची गोष्ट वाटे. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज आणि लाल मिरची म्हणजे गोरी, हे कचेरीलाही लवकरच उमगलं. आजोबांच्या पडवीच्या कौलांना मी याच घराण्यातलं समजतो. फरक इतकाच की सेन्सॉरने मिरची ओळखली, पणजोबांनी कौलं ओळखली नाहीत. का ओळखून गप्प राहिले? मला दुसरं खरं वाटतं. त्यांनीही पलटणीत नोकरी केली होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या तपासणीच्या अहवालांत शिपायांच्या मनाचा नकाशाच आहे. मध्यपूर्वेतल्या आणि इटलीतल्या शिपायांना गोळीची धास्ती होतीच. पण 1943 पासून पत्रांत सारखी येते ती महागाई, धान्याची टंचाई आणि घरी पाठवलेला पैसा. पगारातून कापून घरी जाणारी फॅमिली अलॉटमेंट बायकोच्या नावे करावी की बापाच्या, यावरून पुष्कळ घरांत चुली वेगळ्या झाल्या. नवऱ्याने बायकोचं नाव घातलं तर सासऱ्याचा अपमान. बापाचं घातलं तर बायको मीठमिरचीला महाग. आमच्या घरी पैसा पणजोबांच्या नावे येई. आजीला त्यातलं काय मिळे, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "दूध मिळायचं की." त्यावर मी पुढे विचारलं नाही.

एका गोष्टीची भरपाई कुठल्याच दप्तरात नाही. आजोबांची पत्रं उरली, आजीची नाहीत. तिने मास्तरांकडून लिहवून घेतलेली, म्हणजे सासऱ्यांनी सांगितलेली आणि तिने दाराआडून एखादी ओळ सुचवलेली. ती पत्रं आजोबांनी खिशात बाळगली, पावसात भिजवली, कूच करताना टाकली किंवा जाळली. रणांगणावर कागद साठवायची सोय नसते. म्हणून जगभरच्या संग्रहांत रणांगणावरून घरी आलेलीच पत्रं जास्त आहेत. घरून गेलेली त्या मानाने फारच कमी. शिपायाने विचारलेले प्रश्न आहेत, बाईने दिलेली उत्तरं नाहीत. कौलं चाळली का? ट्रंकेत त्याचं उत्तर नाही. मला ते आजीच्या तोंडून कळलं म्हणून.

बैरागढला आता थ्री ईएमई सेंटर आहे. संध्याकाळी बाजारात रंगरूट दिसतात, केस बारीक कापलेले, कानाला फोन. व्हिडिओ कॉलवर बायको बाळाला समोर धरते आणि पोरगं लाजत हसतं. हे बरंच आहे. पत्राच्या नावाने गळा काढणाऱ्यांत मी नाही. आजीला एवढं मिळालं असतं तर तिने मास्तरांच्या खोकल्यासकट सगळी पत्रं चुलीत घातली असती. मात्र ज्या घरांत ती पत्रं आहेत तिथे ती आता शेवटच्या माणसाच्या हातात आहेत. मुलं वाटणीत ट्रंक घेतात आणि कागद रद्दीत देतात. तिकिटं आणि शिक्के जमवणारे येतात, पाकीट घेऊन जातात, आतला कागद तिथेच सोडतात. पाकिटाविना पत्राची तारीख हरवते, कागदाविना पाकिटाला अर्थ राहत नाही. काही जुनी पत्रं मोडीत आहेत. घरात वाचणारा नाही म्हणून ती हिशेबाची चिटोरी समजून टाकली जातात.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, बेळगाव इथल्या आणि नोकरीपायी भोपाळ-इंदूरला आलेल्या आपल्या घरांना एक सांगणं आहे. अशी पत्रं असतील तर पाकीट आणि कागद वेगळे करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. चिकटपट्टी लावू नका. मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, तिथे असे लोक भेटतात. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवा आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पत्र कुणाच्याही नावे आलेलं असो, ते दाराआडून जिने ऐकलं तिचं नाव एका वेगळ्या कागदावर लिहून त्याच पाकिटात घाला. पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट.